मांजराला घरी इन्सुलिन देताना: आधी मोजा, मग खाऊ घाला, मग टोचा

साताऱ्यात काय किंवा सांगलीत काय, मधुमेही मांजराच्या बाबतीत घोळ होतो तो बहुधा सुई टोचताना नाही. टोचणं काही दिवसांत हाताला बसतं. घोळ त्याच्या आधी होतो. मेडिकलमधून भलतीच सिरिंज घरी येते, साखर न मोजताच इन्सुलिन दिलं जातं, नाहीतर एका दिवसाचा चढा आकडा बघून घाबऱ्याघुबऱ्या डोस वाढवला जातो. चढलेली साखर मांजराला हळूहळू पोखरते, पण फार खाली गेलेली साखर काही तासांत जीव घेऊ शकते. खालचा सगळा क्रम हे धरूनच लावला आहे.

डोस किती, हे तुमचे पशुवैद्यच ठरवणार. तरी एक अंदाज मनात असू द्या. मांजराची सुरुवात साधारणपणे दर बारा तासांनी 1 युनिटच्या आसपास होते. चिठ्ठीवर 5 किंवा 10 असा आकडा दिसला, तर औषध घेण्याआधी डॉक्टरांना फोन करून खात्री करून घ्या.

## 1. निदान पक्कं करून घ्या

दवाखान्यात नेलेलं मांजर घाबरलेलं असतं. नुसत्या भीतीनं मांजराची साखर 300 च्या वर जाऊ शकते, त्यामुळे दवाखान्यातल्या एका आकड्यावर इन्सुलिन सुरू होऊ नये. लघवीत साखर आहे का ते बघायला सांगा. जमत असेल तर फ्रुक्टोसामीन ही रक्ततपासणी करा, तिच्यातून मागच्या दोन-तीन आठवड्यांच्या सरासरीचा अंदाज येतो. घरची लक्षणंही जुळली पाहिजेत: पाण्याची वाटी सारखी रिकामी होणं, मांजराच्या वाळूच्या ट्रेमध्ये लघवीचे मोठे गोळे, भरपूर खाऊनही वजन उतरणं आणि काही मांजरांत मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून चालणं.

त्याच वेळी दात, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि मूत्रपिंडं तपासून घ्या. दात किडलेले असले किंवा संसर्ग असला की इन्सुलिन नीट लागू पडत नाही. आणि मागच्या काही महिन्यांत खाजेसाठी किंवा तोंड आल्यामुळे स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल, तर ते न विसरता सांगा. स्टेरॉइडमुळे मांजराला मधुमेह होऊ शकतो.

सांगली-साताऱ्यातल्या बऱ्याच सरकारी जनावरांच्या दवाखान्यांत मुख्य काम गाई-म्हशींचं असतं. मांजरं नेहमी तपासणारे डॉक्टर आधी शोधून ठेवा आणि रात्री कुणाला फोन करायचा तेही पहिल्या इंजेक्शनच्या आधीच ठरवा. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या चिकित्सालयाच्या वेळा विचारून फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवा.

## 2. बाटली आणि सिरिंज जुळवा

हा टप्पा दोनदा वाचा. आपल्याकडे सगळ्यात धोक्याची चूक इथेच होते.

माणसांसाठीच्या इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या आपल्याकडे 40 ताकदीच्या मिळतात, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये 40 युनिट. मांजरांसाठी बहुतेक वेळा लिहून दिलं जातं ते ग्लार्जिन (लॅन्टस, बेसालॉग वगैरे) 100 ताकदीचं असतं. खास प्राण्यांसाठीची काही इन्सुलिनं, उदाहरणार्थ कॅनइन्सुलिन, पुन्हा 40 ची. सिरिंजही दोन प्रकारच्या: लाल टोपणाची 40 साठी, केशरी टोपणाची 100 साठी.

आता 100 चं ग्लार्जिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 1 च्या खुणेपर्यंत ओढलं, तर मांजराला 1 युनिट जात नाही. अडीच युनिट जातं. चार-पाच किलोच्या जिवाला हा फरक फिट येण्याइतका मोठा ठरू शकतो. उलटं केलं, म्हणजे 40 चं इन्सुलिन केशरी सिरिंजमध्ये घेतलं, तर 1 च्या खुणेला जेमतेम 0.4 युनिट जातं. मग साखर उतरत नाही म्हणून डोस वाढतो आणि पुढे कधीतरी बरोबर सिरिंज हातात आली की एकदम जास्त पडतो.

ज्या घरात आजोबांनाही इन्सुलिन चालू आहे, तिथे तर फारच जपा. फ्रिजमध्ये दोन बाटल्या, ड्रॉवरमध्ये दोन प्रकारच्या सिरिंजा आणि पहाटे अर्धवट झोपेतला हात! मांजराची बाटली आणि सिरिंजा एकाच डब्यात ठेवा आणि डब्यावर मार्करनं ठळक लिहा: ‘मांजर, 100, केशरी टोपण’.

तपासा: बाटलीवर 100 छापलंय, सिरिंजवर 100 छापलंय, टोपण केशरी आहे (इन्सुलिन 40 चं असेल तर दोन्हींवर 40 आणि टोपण लाल). तिन्ही जुळल्याशिवाय सुई बाटलीत घालायची नाही.

सिरिंज 0.3 मिलीची आणि अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली मिळाली तर उत्तम. 100 च्या 1 मिली सिरिंजवर सहसा एक खूण म्हणजे 2 युनिट असतात. तिच्यावर 1 युनिट अंदाजानंच घ्यावं लागेल, आणि मांजराच्या डोसमध्ये अंदाज चालत नाही. मेडिकलवाल्याकडे लहान सिरिंज नसेल तर मागवून घ्या, दोन दिवस थांबावं लागलं तरी चालेल का ते डॉक्टरांना विचारा.

थांबा: ग्लार्जिनचं 300 ताकदीचं पेनही बाजारात आहे. ते मांजरासाठी घेऊ नका आणि त्यातून सिरिंजनं औषध कधीच ओढू नका.

## 3. इन्सुलिन सांभाळणं

फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, 2 ते 8 अंशांत. दारात नको, तिथे तापमान सारखं वरखाली होतं. बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकून द्या, वितळल्यावर वरून ठीक दिसलं तरी. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं. गढूळ झालं किंवा कण दिसले तर ते गेलं. ते हलवायचं नाही, दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळायचं नाही, पाणी घालून पातळ करायचं नाही. बाटली फोडल्याची तारीख लेबलवर लिहा. कंपनी 28 दिवसांची मुदत देते. दुधाळ दिसणाऱ्या इन्सुलिनचे नियम वेगळे असतात, ते खोक्यातल्या कागदाप्रमाणे पाळा.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत टाका आणि भरलेली बरणी दवाखान्यात नेऊन द्या. घंटागाडीत सुट्या सुया टाकल्या की त्या कचरा वेचणाऱ्यांच्या हातात घुसतात.

## 4. खाणं बदला, पण साखर मोजता येऊ लागल्यावर

आपल्याकडचं मांजर दूध-चपाती, दूध-भाकरी, भात आणि वरून कोरडे दाणे यांवर वाढलेलं असतं. या सगळ्यात पिष्ट पदार्थ भरपूर, आणि मधुमेही मांजराला नेमके तेच नको असतात. मांस, मासे, अंडी किंवा कमी पिष्टाचं ओलं खाणं सुरू केलं की साखर चांगली उतरते.

आणि इथेच लोक फसतात. इन्सुलिन आधीपासून चालू आहे, डोस दूध-चपातीच्या हिशोबानं बसलेला आहे आणि एका सोमवारी उत्साहानं सगळं बदलून नुसतं चिकन दिलं. खाण्यातली साखर गेली, इन्सुलिन तेवढंच राहिलं. संध्याकाळपर्यंत मांजर झोकांड्या खायला लागतं. म्हणून खाणं आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला, त्या काळात रोज साखर मोजा आणि डॉक्टरांना आधी सांगा.

घरचं चिकन द्यायचं तर मीठ, कांदा, लसूण यांतलं काहीही नको. कांदा-लसूण मांजराला विषारी असतात. चिकन उकडलेलं पाणी फेकू नका, त्यात टॉरीन हे पोषकद्रव्य उतरतं आणि मांजराला त्याची गरज असते. तरीही महिनोन् महिने नुसत्या उकडलेल्या चिकनवर मांजर ठेवू नका, कॅल्शियम आणि टॉरीन कमी पडतं. पूरक काय द्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. मूत्रपिंडांचा त्रास असेल तर खाण्याचा हिशोब वेगळा होतो, तोही त्यांनाच विचारा.

मांजर लठ्ठ आहे म्हणून उपाशी ठेवण्याचा विचार मनातही आणू नका. दोन-तीन दिवस न खाल्लेल्या लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि तो आजार जिवावर बेततो.

शेजाऱ्यांशीही बोलून घ्या. वाड्यात किंवा चाळीत फिरणारा बोका सकाळी तुमच्याकडे चिकन खातो आणि दुपारी शेजारच्या काकूंकडे दूध-बिस्किट. मग वहीतले आकडे कशाशीच जुळत नाहीत. निदान सुरुवातीचे काही महिने त्याला घरातच ठेवा.

## 5. कानातून साखर मोजा

माणसांचा साधा ग्लुकोमीटर चालतो. तो मांजराची साखर बहुधा खऱ्यापेक्षा थोडी कमी दाखवतो, म्हणून मीटर बदलत राहू नका. कुठल्या मीटरवर मोजताय ते डॉक्टरांना सांगा. अल्फाट्रॅकसारखा प्राण्यांचा मीटर मिळाला तर आकडा जास्त खरा येतो, पण त्याच्या पट्ट्या महाग पडतात आणि नेहमी मिळतीलच असं नाही. नियमित वापरलेला साधा मीटर हा कपाटात पडून असलेल्या महागड्या मीटरपेक्षा कितीतरी उपयोगाचा.

मांजर मांडीवर किंवा टेबलावर टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळा. पट्टी आधीच मीटरमध्ये घालून ठेवा, नाहीतर थेंब आला की तुमची शोधाशोध आणि मांजराची पळापळ एकदमच सुरू होते. कान थंड असेल तर रक्त येतच नाही. कोमट पाण्यात पिळलेला रुमाल छोट्या प्लास्टिक पिशवीत घाला आणि अर्धा मिनिट कानाला लावा. पिशवी यासाठी की कान ओला होऊ नये, ओल्या कानावर थेंब पसरतो आणि आकडाही चुकतो.

आता कानाची कड उजेडात धरा. कडेच्या आत कडेला समांतर एक बारीक शीर दिसेल. लॅन्सेट (रक्ताचा थेंब काढायची बारीक सुई) त्या शिरेत नको, शीर आणि कड यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत टोचा. कानाच्या मागे दुमडलेला कापूस धरा म्हणजे सुई तुमच्या बोटात जाणार नाही. टोचायच्या जागी आधी व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवला की थेंब केसांत न पसरता मोत्यासारखा उभा राहतो. पट्टीचं टोक वरून न दाबता बाजूनं टेकवा, ती थेंब आपोआप ओढून घेते. मग कापसानं अर्धा मिनिट दाबून धरा, म्हणजे निळं पडत नाही. लगेच खाऊचा एक तुकडा द्या, उकडलेल्या चिकनचा. पहिले तीन-चार दिवस रक्त आलं नाही तरी खाऊ द्यायचाच, मांजर स्वतःहून येऊन बसायला लागतं.

तपासा: आकडा अविश्वसनीय वाटला, एकदम 40 किंवा एकदम 500, आणि मांजर मात्र नेहमीसारखं वागतंय, तर नवी पट्टी घेऊन लगेच पुन्हा मोजा. मांजर झुलत असेल तर पुन्हा मोजत बसू नका, टप्पा 8 कडे जा.

## 6. रोजचा क्रम

सकाळी सात आणि संध्याकाळी सात, किंवा तुमच्या घराला जमेल तसं, पण मध्ये बारा तास हवेत. तासभर इकडेतिकडे झालं तर बिघडत नाही.

पहिलं, मोजा. आकडा 200 च्या वर असेल तर पुढे जा. 200 च्या खाली असेल आणि तुम्ही नवे असाल, तर इन्सुलिन देऊ नका आणि खायलाही घालू नका. अर्ध्या तासानं पुन्हा मोजा. आकडा स्वतःहून वर येतोय का ते बघून डॉक्टरांना फोन करा. खाऊ घालून वाढलेला आकडा फसवा असतो. साखर 70 च्या खाली दिसली तर हा नियम लागू नाही, सरळ टप्पा 8.

दुसरं, खाऊ घाला. निदान नेहमीच्या निम्मं तरी पोटात गेलं पाहिजे. ताटली हुंगून मांजर निघून गेलं, किंवा खाल्लेलं लगेच ओकलं, तर सुई बाजूला ठेवा आणि विचारा.

तिसरं, टोचा. सिरिंजमध्ये बुडबुडा राहिला तर डोस कमी पडतो, म्हणून टिचकी मारून तो वर आणा आणि बाटलीतच सोडा. खूण डोळ्यांच्या पातळीला धरून वाचा. मानेवर रोज एकाच जागी टोचू नका. तिथली कातडी जाड होते आणि औषध नीट शोषलं जात नाही. छातीची बाजू, कूस, पोटाची कड अशा जागा आलटूनपालटून घ्या, आज डावी तर उद्या उजवी. दोन बोटांनी कातडी हलकेच वर उचला, खाली जी पोकळी होते तिच्यात सुई तिरकी आत जाऊ द्या, दांडा सावकाश पूर्ण दाबा, क्षणभर थांबा आणि बाहेर काढा.

टोचून झाल्यावर केसांवरून बोट फिरवा. ओलं लागलं किंवा औषधाचा उग्र वास आला तर सुई कातडीच्या आरपार गेली आणि इन्सुलिन केसांत सांडलं.

थांबा: सांडलं असं वाटलं तरी पुन्हा टोचायचं नाही. आत किती गेलं ते कुणालाच कळत नाही. वहीत ‘सांडलं’ लिहा आणि पुढच्या वेळेची वाट बघा. एखादी वेळ चुकली तरी तेच: पुढचा डोस नेहमीएवढाच, दुप्पट कधीच नाही.

घरातल्या एकानं द्यायचं आणि दिल्याबरोबर वहीत लिहायचं. ‘मी दिलं’, ‘मला वाटलं तू दिलं नाहीस’ या गोंधळात मांजराला दोनदा इन्सुलिन जातं.

## 7. दिवसभराचा आलेख, आणि डोस कशावरून ठरतो

इन्सुलिन सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर आठवडाभरानं एक दिवस मोकळा ठेवा. सकाळच्या सुईच्या आधीपासून दर दोन तासांनी बारा तास मोजा. समजा असे आकडे आले:

सकाळी 7 – 340
9 – 262
11 – 171
दुपारी 1 – 98
3 – 139
5 – 228
संध्याकाळी 7 – 321

सकाळ-संध्याकाळचे आकडे बघून कुणालाही वाटेल की डोस कमी पडतोय. पण दुपारी 1 चा आकडा बघा. तिथे साखर 98 पर्यंत उतरली आहे. डोस वाढवला तर हीच दुपार 50 वर जाईल आणि तेव्हा घरात कदाचित कुणी नसेल. डोस ठरतो तो दिवसातल्या सर्वांत खालच्या आकड्यावरून. हा खालचा आकडा साधारण 80 ते 150 मध्ये असावा आणि वरचा 300 च्या आसपास किंवा त्याखाली. वर दिलेल्या मांजराचा प्रश्न डोसच्या मापाचा नाही. इन्सुलिन बारा तास पुरत नाहीये, किंवा खाण्यात पिष्ट जास्त आहे. यावर काय करायचं हे डॉक्टर ठरवतील, आणि त्यांच्यासमोर ठेवायला तुमच्याकडे हा कागद असेल.

खालचा आकडा 80 च्याही खाली जात असेल तर डोस कमी करायचा असतो, त्यासाठी त्याच दिवशी फोन करा. तो 150 च्या वरच अडकला असेल, तर साधारण आठवडा थांबून पाव ते अर्धा युनिट वाढवतात. ग्लार्जिनचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात. रोज अर्धा-अर्धा युनिट वाढवत गेलं की चार-पाच दिवसांनी सगळ्याचा परिणाम एकत्र अंगावर येतो.

आकड्यांइतकंच महत्त्व पाण्याच्या वाटीला आणि वजनाला द्या. पाणी पिणं कमी झालं, वजन स्थिर आहे, मांजर खिडकीत उडी मारतंय, तर मधूनच आलेला एखादा 330 तुमची झोप उडवण्याइतका महत्त्वाचा नाही.

## 8. साखर खाली गेली तर

लक्षणं: अचानक वखवखल्यासारखं खाणं, अशक्तपणा, दारूड्यासारखं झोकांड्या देत चालणं, शून्यात बघत बसणं, लाळ, अंग थरथरणं, शेवटी फिट.

मांजर शुद्धीवर आहे आणि खातंय तर लगेच खायला द्या. इथे नेहमी बंद असलेलं दूध-भातही चालेल. खात नसेल तर चमचाभर ग्लुकोज पावडर थोड्या पाण्यात घट्टसर कालवून हिरड्यांना चोळा. घरात ती नसेल तर मध, तोही नसेल तर काकवी. काकवी आपल्या भागात घरोघरी असते, पण ग्लुकोज तिच्यापेक्षा लवकर काम करतं, म्हणून एक पुडा डब्यात असूच द्या. फिट चालू असताना तोंडात बोट किंवा पातळ पाणी घालू नका, बोट चावलं जाईल आणि पाणी श्वासनलिकेत जाईल. ओठ बाजूला करून हिरडीवर लावा आणि दवाखान्याकडे निघा.

मांजर सावरलं तरी काम संपत नाही. इन्सुलिन अजून अंगात आहे आणि साखर पुन्हा घसरू शकते. दर पंधरा-वीस मिनिटांनी मोजा, थोडं थोडं खाऊ घाला आणि पुढचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

## 9. लघवीतले कीटोन

साखर चढलेली असताना मांजरानं खाणं सोडलं, उलट्या होत आहेत, सुस्त पडलंय, तर लघवीत कीटोन (साखर वापरता न आल्यानं अंगातली चरबी जळून तयार होणारे घातक पदार्थ) तपासा. केटो-डायस्टिक्सच्या पट्ट्या मागवून ठेवा. ट्रेमध्ये वाळूऐवजी थोडे धुतलेले खडे टाकले की लघवी खाली साचते. पट्टीवर रंग उमटला तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच वेळी निघायचं. घरी इन्सुलिन वाढवून हे बरं होत नाही, त्याला सलाईन लागतं.

थांबा: आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्या मांजराला देऊ नका. अमेरिकेत 2022 आणि 2023 मध्ये मांजरांसाठी तोंडावाटे द्यायची दोन औषधं मंजूर झाली. त्याच गटातल्या माणसांच्या गोळ्या आपल्या मेडिकलमध्ये मिळतात म्हणून कुणी परस्पर सुचवतं. साखर फारशी चढलेली नसतानाही कीटोन वाढण्याचा धोका त्यांत असतो आणि इन्सुलिनवर असलेल्या मांजराला तो जास्त असतो.

## 10. वीज, उन्हाळा आणि पूर

फ्रिजचं दार बंद ठेवलं तर दोन-चार तास वीज गेल्यानं इन्सुलिनला काही होत नाही. सांगली-मिरजेचा एप्रिल-मे वेगळा. घरातलं तापमान 30 च्या वर असताना बाटली ओट्यावर राहिली तर ती खराब होऊ शकते, आणि दिसायला काहीच फरक पडत नाही. वीज लांबली तर बाटली कापडात गुंडाळून थर्मासमध्ये ठेवा. बर्फाला थेट लागू देऊ नका. पाटण-जावळीकडे पावसाळ्यात दिवस-दिवस वीज नसते, तिथे हा थर्मास कायमचा हाताशी हवा.

कृष्णाकाठी राहणाऱ्यांनी 2019 चा ऑगस्ट आणि 2021 चा जुलै बघितला आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की पिशवी भरा: थर्मासमध्ये इन्सुलिन, जुळणाऱ्या सिरिंजा, मीटर आणि पट्ट्या, ग्लुकोज, आठवड्याचं खाणं, वही आणि मांजराचा पिंजरा. निवारा केंद्रात मांजर बुजतं आणि खाणं सोडतं. तिथे तर सुईआधी मोजायचं कधीच चुकवू नका.

## 11. डोस उतरू लागला तर

लवकर उपचार सुरू झालेल्या, पिष्ट बंद केलेल्या काही मांजरांना पुढे इन्सुलिन लागतच नाही. खालचा आकडा वारंवार 80 च्या आसपास यायला लागला, सुईआधीचा आकडाही 200 च्या आत राहायला लागला, की डॉक्टर अर्धा, मग पाव युनिट असं उतरवत नेतात. साखर चांगली आली म्हणून स्वतःहून एकदम बंद करू नका. बंद झाल्यावरही सुरुवातीला आठवड्यातून एक-दोनदा कानातून मोजत राहा आणि दूध-चपाती परत सुरू करू नका. पुढे कधी खाजेसाठी किंवा दम्यासाठी दुसऱ्या दवाखान्यात नेलंत, तर टेबलावर ठेवल्या ठेवल्या सांगा की या मांजराला मधुमेह होता, स्टेरॉइडला दुसरा काही पर्याय आहे का ते आधी बघा.